छापा-काट्याचा ‘पेनी’ खेळ स्क्रॅचमध्ये कसा बनवावा

नाणं उडवून ‘छापा की काटा’ विचारणारा प्रोग्रॅम पाच मिनिटांत होतो आणि सहाव्या मिनिटाला मुलं कंटाळतात. त्यापेक्षा वॉल्टर पेनी यांनी १९६९ साली मांडलेला खेळ संगणकावर उतरवा. (खेळ नाण्याचा आणि आडनाव पेनी, हा निव्वळ योगायोग.)

खेळ असा: पहिला खेळाडू लागोपाठच्या तीन फेकींचा क्रम सांगतो, समजा छापा-काटा-छापा. दुसरा त्याहून वेगळा क्रम निवडतो. मग नाणं उडवत राहायचं. ज्याचा क्रम आधी पडेल तो जिंकला. असे क्रम आठच, आणि कुठल्याही तीन फेकींत प्रत्येकाची शक्यता १/८. डाव बरोबरीचा वाटतो ना? तसा तो नाही. मागून निवडणारा नेहमी फायद्यात राहू शकतो, आणि आपल्याकडे मागून निवडणार संगणक.

ब्राउझरमध्ये स्क्रॅच (ब्लॉक म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा) उघडा. ते फुकट आहे. ‘खेळाडू’, ‘संगणक’ आणि ‘माळ’ अशी तीन व्हेरिएबल्स (माहिती साठवायच्या जागा) करा. पहिल्या दोघांत दोघांचे क्रम राहतील, ‘माळे’त पडलेल्या फेकींची अक्षरं. नावं देवनागरीत चालतात.

प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली ‘आस्क’ ब्लॉक लावून तीन अक्षरं मागा: छापा असेल तर छ, काटा असेल तर क. उत्तर ‘खेळाडू’मध्ये ठेवा. उत्तराची लांबी ३ नसेल तर पुन्हा विचारा, कारण कुणीतरी ‘छा’ टाइप करतंच आणि स्क्रॅच काना वेगळा मोजतो.

आता संगणकाची चाल. खेळाडूच्या मधल्या अक्षराच्या उलट अक्षर घ्या आणि त्याला खेळाडूची पहिली दोन अक्षरं जोडा. छकछ आलं तर संगणकाचं छछक. छछछ आलं तर कछछ. ‘लेटर ऑफ’, ‘जॉइन’ आणि एक ‘इफ-एल्स’ एवढ्यात हे भागतं.

मग ‘माळ’ रिकामी करा. हे विसरलात तर स्क्रॅच मागच्या डावातली माळ तशीच ठेवतो आणि नाणं न उडताच निकाल लागू शकतो. माझी यात अख्खी संध्याकाळ गेली आहे.

नाणेफेक ‘रिपीट अनटिल’मध्ये ठेवा. थांबण्याची अट: माळेत खेळाडूचा किंवा संगणकाचा क्रम सापडणं. त्यासाठी ऑपरेटर्समधला ‘कंटेन्स’ ब्लॉक वापरा. आत ‘पिक रँडम १ टू २’ एकदाच यायला हवं: १ आला तर माळेला छ जोडा, ‘एल्स’मध्ये क. दोन वेगवेगळे ‘इफ’ लावून दोन्हींत रँडम घातलं, तर कधी दोन अक्षरं जोडली जातात, कधी एकही नाही. खेळ चालतो, म्हणून चूक दिसत नाही. निकाल मात्र बिघडतो.

शेवटी कुणाचा क्रम सापडला ते बघून विजेता जाहीर करा.

संगणक क्रम कसा निवडतो ते मुलांना आधी सांगू नका. दहा-बारा डाव हरू द्या. ‘लबाड आहे हा’ अशी ओरड झाली की मोजणीला बसा. प्रश्न आणि विजेत्याची घोषणा काढून ‘खेळाडू’ला छछछ द्या, बाकीचं ‘रिपीट १०००’मध्ये टाका (माळ रिकामी करणंही आतच), आणि संगणकाचे विजय मोजा. आकडा ८७५च्या आसपास येईल. कारण सोपं आहे: पहिल्याच तीन फेकी छछछ पडल्या तरच खेळाडू जिंकतो, म्हणजे आठातून एकदा. त्यानंतर कधीही छछछ पडायचं तर त्याच्या आधी क असणारच, आणि मग कछछ पडून डाव संपलेला असतो. छछक दिलं तर संगणकाचे विजय ७५० च्या, छकछ किंवा छकक दिलं तर ६६७ च्या जवळपास.

‘मग सगळ्यांत चांगला क्रम कुठला?’ असं मुलं विचारतील. त्यांनाच शोधू द्या. छछकला कछछ हरवतो, कछछला ककछ, ककछला छकक, आणि छककला पुन्हा छछक.