डबा आधी उघडा, स्कॅनर नंतर घ्या

जुन्या निगेटिव्ह घरी डिजिटल करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "कोणता स्कॅनर घेऊ?" त्याचं उत्तर माळ्यावरच्या डब्यात असतं. निगेटिव्ह कोणत्या मापाच्या आहेत, किती आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे न पाहता घेतलेलं यंत्र बहुतेक वेळा दोन महिन्यांत पुन्हा विकायला काढावं लागतं.

माप ओळखणं सोपं आहे. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं आणि फ्रेम 24 × 36 मिमी असेल तर ती 35 मिमी. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले सहलीचे, बारशाचे, गणपतीचे रंगीत फोटो जवळजवळ सगळे याच मापाचे. भोकं नसलेली रुंद पट्टी आणि साधारण 56 मिमीची चौकोनी फ्रेम म्हणजे 120 रोल; आग्फा क्लिक थ्रीचे बारा फोटो असेच असत आणि जुने लग्नाचे कृष्णधवल फोटोही अनेक स्टुडिओवाले याच रोलवर काढत. नखाएवढी, 13 × 17 मिमीची फ्रेम दिसली तर ती 110. यांखेरीज पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओने कापून दिलेल्या एकेकट्या सुट्या फ्रेमही निघतील. त्या वेगळ्या ठेवा, कारण बहुतेक होल्डर, म्हणजे निगेटिव्ह सपाट धरणाऱ्या चौकटी, पट्टीसाठी असतात आणि सुटी फ्रेम त्यांत सरकते.

चाळणी करायला खर्च नको. टॅबलेटवर कोरी पांढरी पाटी उघडा, निगेटिव्ह तिच्यावर दोन बोटं वर धरा आणि फोनच्या सुलभता सेटिंगमधून रंग उलटे करून कॅमेऱ्यातून पाहा. चेहरे ओळखू येतात, तेवढं पुरे. निगेटिव्ह थेट काचेवर टेकवलीत तर स्क्रीनचे पिक्सेल फोटोत उतरतात.

आता मोजा. दोन-तीनच रोल असतील तर यंत्र घेऊच नका, लॅबमध्ये द्या. मात्र देताना लांब बाजूला किती पिक्सेल मिळतील आणि फाइल टिफ (तपशील न गमावता साठवणारा प्रकार) मिळेल का, हे आधी विचारून घ्या; नुसतं "हाय रिझोल्यूशन" या उत्तरावर विसंबू नका. दहा रोलच्या पुढे मात्र घरी करणं परवडतं.

स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपतो त्याचा, आकडा हा या खरेदीतला सगळ्यात मोठा चकवा. एप्सन परफेक्शन व्ही600 या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, 6400 लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात सुटं दिसणारं तपशिलाचं प्रमाण 1500 च्या आसपासच असतं. 35 मिमीच्या फ्रेममधून तेवढ्यात साधारण 2100 × 1400 पिक्सेल हाती येतात, म्हणजे 5 × 7 इंचाचा चांगला प्रिंट. त्यापुढे 6400 वर स्कॅन केलं तर फाइल फुगते, तपशील वाढत नाही. हेच यंत्र 120 च्या चौकोनी निगेटिव्हला मात्र उत्तम: तेवढ्याच क्षमतेत 3300 पिक्सेलची बाजू मिळते. त्यामुळे डब्यात 120 जास्त असेल तर फ्लॅटबेड, आणि 35 मिमी जास्त असेल तर दुसरं काही, असा सरळ हिशेब करा. साधे कागद स्कॅन करणारे स्वस्त फ्लॅटबेड इथे चालत नाहीत. झाकणात वरून प्रकाश देणारा दिवा असलाच पाहिजे.

वापरलेला फ्लॅटबेड घेताना फिल्म होल्डर सोबत आहेत का ते आधी पाहा. होल्डर नसेल तर निगेटिव्ह काचेवर टेकते, इंद्रधनुषी वलयं उमटतात आणि फोकसही हुकतो. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आहे का, तेही टॉर्च तिरका धरून तपासा. होल्डरच्या वरच्या टोकाला जी मोकळी खाच असते तिच्यात धूळ किंवा पट्टीचं टोक आलं तर पूर्ण स्कॅनवर उभ्या रेघा पडतात, कारण यंत्र त्याच जागेवरून प्रकाश जुळवून घेतं. यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला धावण्याआधी ती खाच पुसा.

फक्त 35 मिमी असेल आणि घाई नसेल, तर प्लस्टेक ऑप्टिकफिल्म 8200आयसारखा फिल्म स्कॅनर घ्या. खोक्यावर 7200 असलं तरी खरे 3200 च्या आसपास मिळतात, आणि ते भरपूर झाले. तोटा वेळेचा: पट्टी हाताने सरकवायची आणि धूळसफाई चालू असेल तर एका फ्रेमला काही मिनिटं. छत्तीस फ्रेमचा एक रोल म्हणजे अख्खी दुपार. ही धूळसफाई इन्फ्रारेड किरणांनी चालते. रंगीत फिल्ममधले रंग ते किरण आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात, म्हणून यंत्राला डाग कुठे आहेत ते कळतं. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये, ऊटीची इंदू असो की ऑर्वो, प्रतिमाच चांदीची असते आणि चांदीही ते किरण अडवते. तिथे ही सोय बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्यांवर विचित्र चट्टे उठतात.

छोटा पडदा असलेले, बटण दाबताच जेपीईजी देणारे डबीसारखे कन्व्हर्टर टाळा. फोकस आणि रंगांवर ताबा राहत नाही, आणि झाकोळलेल्या फ्रेममधलं आभाळ कायमचं जातं.

घरात डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर आमचं स्पष्ट मत: त्यानेच करा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 35 मिमीची फ्रेम पूर्ण भरली तर 6000 × 4000 पिक्सेल मिळतात, म्हणजे फिल्मवर इंचाला चार हजारांहून जास्त. आणि सगळं बसवून झालं की एक रोल पंधरा-वीस मिनिटांत होतो. बॉडी नवी घेऊ नका. दहा वर्षं जुनी चालेल. पैसे लेन्स, दिवा आणि होल्डर यांवर घाला.

लेन्स खरी मॅक्रो हवी. कॅमेऱ्याचा सेन्सर 35 मिमी फ्रेमएवढा, म्हणजे फुल फ्रेम, असेल तर 1:1 लागतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटायला हवी; एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे 0.65 पुरतं. निकॉनची जुनी मायक्रो-निक्कोर 55 मिमी एकटी 1:2 पर्यंतच, म्हणजे निम्म्या मापापर्यंतच, जाते. तीच एक्स्टेंशन रिंग (लेन्स आणि कॅमेरा यांमधली पोकळ कडी) लावून पूर्ण फ्रेम भरते आणि कडेपर्यंत कडक येते. टॅमरॉन 90 मिमी किंवा कॅननची ईएफ-एस 60 मिमी मॅक्रो असेल तर रिंगही नको. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सला पुढून भिंग लावायचा मोह होईल, पण त्यात कोपरे मऊ पडतात.

दिव्याच्या बाबतीत आकडा एकच पाहा: सीआरआय, म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 95 किंवा त्याहून जास्त. ट्रेसिंगसाठीचे स्वस्त एलईडी पाट यात नापास होतात, आणि त्वचेचा जो हिरवट-राखाडी रंग नंतर कितीही खटपट केली तरी सुधरत नाही त्याचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. पॅनेल आणि निगेटिव्ह यांत तीन ते पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसबाहेर जाते. फ्रेमच्या भोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाका. तो लेन्समध्ये शिरला की सावल्या फिकट होतात.

कॅमेरा खाली पाहत उभा करायला जुन्या डार्करूममधला एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राचा) स्टँड सर्वांत पक्का. वरचा भाग काढून तिथे कॅमेरा बसवायचा. आडव्या दांडीचा ट्रायपॉड डुलतो. ठाण्यात कोपरी, नौपाड्यात रुळांलगत किंवा नवी मुंबईत हार्बर लाइनला खेटून घर असेल तर लोकल गेली की हे डुलणं 100 टक्क्यांवर पाहिलेल्या फोटोत स्पष्ट दिसतं. अशा घरात निकॉन ईएस-2सारखा लेन्सच्या पुढेच बसणारा अडॅप्टर घ्या. फिल्म आणि कॅमेरा एकत्रच हलतात, त्यामुळे प्रतिमा हलत नाही. मात्र तो कोणत्या लेन्सला बसतो ते आधी तपासा, आणि तो 35 मिमीपुरताच आहे हेही लक्षात असू द्या.

स्टँड वापरणार असाल तर समांतरपणा आरशाने जुळवा. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा. एक कोपरा कडक आणि समोरचा मऊ येत असेल तर चूक इथेच आहे.

सेटिंग असं: आयएसओ 100, एफ/8, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), दोन सेकंदांचा टायमर. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, एलईडीमुळे आडवे पट्टे पडतात. फोकस स्क्रीन पूर्ण मोठी करून थेट फिल्मच्या दाण्यावर. मंद, निस्तेज बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा आणि फोटो नंतर आडवा उलटवा. कडेवरची अक्षरं उलटी दिसली तर पट्टी बरोबर लागली आहे. एक्स्पोजर फ्रेमबाहेरच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवरून ठरवा: ती जितकी उजळ घेता येईल तितकी, पण लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) अति उजळून कापला जाऊ न देता, कारण आधी तोच कापला जातो. ते एक्स्पोजर आणि त्याच पट्टीवरून घेतलेला व्हाइट बॅलन्स पूर्ण रोलला तसाच ठेवा. निगेटिव्हचे रंग उलटून पॉझिटिव्ह करण्यासाठी डार्कटेबल या संगणकावरच्या फोटो-सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर फुकट आहे आणि शिकण्याजोगं आहे.

वापरलेल्या लेन्स पाहायच्या तर सीएसएमटीला उतरून बोरा बाजारची कॅमेऱ्यांची दुकानं फिरा. आपला कॅमेरा सोबत न्या, दुकानातच लेन्स लावून जवळच्या छापील कागदाचा फोटो काढा आणि लेन्समधून टॉर्च पाहून बुरशीचे धागे शोधा.

बुरशी आपल्याकडच्या निगेटिव्हची मोठी वैरी. चार महिने पावसाळा आणि बंद कपाट यांत ती जिलेटिन खाते, आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून अशी फिल्म पाण्याने कधीही धुऊ नका. चमकदार बाजूवरचे बोटांचे ठसे 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर कापडाने हलके पुसता येतात. मंद बाजूला फक्त रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश. काम डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत उरका. पंखा बंद ठेवा आणि रस्त्याच्या बाजूची, ठाण्यात घोडबंदर रोडकडची, खिडकीही. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या पट्ट्या इतरांपासून लगेच दूर करा आणि सगळ्यांत आधी त्याच स्कॅन करा. त्या आक्रसत आणि वाकत जातात, पुढच्या वर्षी होल्डरमध्ये सपाट बसतील याची खात्री नाही.

शेवटी हार्ड डिस्क. 35 मिमीची एक फ्रेम 3200 डीपीआयवर, 16 बिट टिफमध्ये सुमारे 82 एमबी होते. शंभर रोल म्हणजे तीनशे जीबीच्या घरात, आणि दुसरी प्रत धरली तर सहाशे. ती दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवायची, त्यामुळे एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा एकेक टीबीच्या दोन घ्या.