बॉनच्या पुलावर कॅनेडियन फौज: शाळेच्या प्रदर्शनासाठी देखावा

पहिल्या महायुद्धाचा देखावा म्हटला की मुलं खंदक, काटेरी तारा आणि पडक्या भिंती करायला बसतात. युद्ध थांबल्यावर जर्मनीत कब्जा घ्यायला आलेल्या फौजेचं चित्र वेगळं असतं. १३ डिसेंबर १९१८ला कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनने कोलोनला आणि दुसरीने बॉनला ऱ्हाईन नदी ओलांडली, तेव्हा शस्त्रसंधी होऊन महिना उलटला होता. बॉनला सलामी घेतली कॅनेडियन फौजेचे सेनापती जनरल आर्थर करी यांनी. शहर शाबूत, पूल शाबूत, फौज शिस्तीत आणि वर पाऊस. म्हणून भिंतींना भोकं पाडू नका, शिपायांना चिखलाने माखू नका.

माप १:३२ धरा. पावणेसहा फुटी माणूस ५५ मिमीचा होतो. पाट ६० × ३० सेंमी, १२ मिमी प्लायवूडचा. पातळ प्लाय ओल्या लगद्याने वाकतो.

बाजारातले हिरवे प्लास्टिकचे शिपाई उपयोगाचे नाहीत, ते दबा धरून बसलेले असतात. तांब्याच्या तारेचा सांगाडा करून त्यावर एम-सील चढवा. एका वेळी वाटाण्याएवढंच मळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते हातातच घट्ट होतं. टोपी पसरट, ताटलीसारख्या काठाची. पत्र्याच्या डब्याचा १० मिमी गोल तुकडा सायकलच्या मागच्या चाकातल्या पाव इंची छर्ऱ्यावर दाबला की ती तयार. रायफल ली-एनफील्डच हवी, कारण कॅनडाची स्वतःची रॉस रायफल चिखलात अडकायची, म्हणून पायदळाकडून ती १९१६मध्येच काढून घेतली होती. अगरबत्तीच्या काडीचा ३५ मिमी तुकडा घ्या, पुढे टाचणीचं १३ मिमी संगीन लावा.

रांगा चार-चारच्या लावा. एनसीसीतली मुलं हमखास तीन-तीनच्या लावतात, पण त्या काळी संचलन चौघांच्या रांगेत होई. १६ शिपाई, ४ रांगा पुरे.

खरी परीक्षा बाहीवरच्या खुणेची. दंडावर ३ × २ इंचाचा कापडी आयत असे, म्हणजे आपल्या मापात २.४ × १.६ मिमी. पहिल्या डिव्हिजनचा तांबडा, दुसरीचा गडद निळा. त्यावर बटालियनची खूण (डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये चार बटालियन): रंगावरून ब्रिगेड कळते (डिव्हिजनमधल्या क्रमाने हिरवा, तांबडा, निळा), आकारावरून बटालियन (वर्तुळ, अर्धवर्तुळ, त्रिकोण, चौकोन). क्वीबेकची फ्रेंच बोलणारी २२वी बटालियन (दुसऱ्या डिव्हिजनमधल्या दुसऱ्या ब्रिगेडची पहिली) हवी असेल तर निळ्या आयतावर तांबडं वर्तुळ. ब्रशने हे जमत नाही. रंगवलेल्या कागदातून पात्याने आयत कापा आणि वर्तुळ टाचणीच्या डोक्याने उमटवा. दोन्ही दंडांवर लावा.

रस्त्यासाठी काळी माती अजिबात नको. कापसाची ही माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसते. दोन दिवसांत तुमच्या पुलाला मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा पडतील. कागदाचा लगदा ३ वाट्या, शाडू २ वाट्या, फेविकॉल १ वाटी असं मळून ३ मिमीचा थर द्या. फरसबंदीचे दगड म्हणून डाळ चिकटवू नका, टोके होतात आणि उंदीर येतात. थर ओला असतानाच रिफिलच्या तोंडाने ३ मिमीचे ठसे उमटवा. वाळवायचं सावलीत, पूर्ण एक दिवस. गच्चीवरच्या उन्हात वरची साल आधी सुकते, आतलं ओलं राहतं आणि थर उचकटतो.

नदीकाठची झाडं डिसेंबरातली, निष्पर्ण. त्यासाठी पऱ्हाटीच्या शेंड्याकडचे फाटे घ्या, याहून चांगलं काही विकत मिळत नाही. फक्त बोंडाची टरफलं काढून टाका, नाहीतर ऱ्हाईनकाठी कपाशी उगवल्यासारखं दिसतं.

पाणी राखाडी-हिरवं रंगवा, निळं नको. वर रेझिन ओतायचं तर ३ मिमीच्या थरांनी आणि संध्याकाळी. जाड ओतलं की आतून तापतं, पिवळं पडतं, तडकतं. कुठे थर्माकोल वापरला असेल तर त्यावर स्प्रेचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो.

शेवटी पाऊस. खांदे, टोप्यांचे माथे आणि रस्ता यांवर ग्लॉस वार्निशचा एकच हात. खाकी आधीच एक छटा गडद ठेवा, भिजलेलं लोकरी कापड तसंच दिसतं. खांद्यांखालच्या कपड्यांवर मात्र वार्निश नको, नाहीतर शिपाई मेणाचे वाटतात.