राफ्ट का पाईल? आधी जेसीबीनं खड्डा काढून बघा

सांगली-मिरजेकडं काळ्या रानात घर बांधणाऱ्यांसाठी सांगतो, मिस्त्रीला पायासाठी राफ्ट (अख्ख्या घराखाली एकच काँक्रीटचा स्लॅब) का पाईल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) विचारायच्या आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यात जेसीबीनं खड्डे काढा आणि मुरूम कुठं लागतोय ते बघा. पाच-सहा फुटात कडक मुरूम लागला, जसा साताऱ्याकडं बऱ्याच ठिकाणी लागतो, तर दोन्हीची भानगड नको, साधं फुटिंग (प्रत्येक कॉलमखाली वेगळा काँक्रीटचा पाया) बास.

पण काळी माती खोल असंल तर ती पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसणार, उन्हाळ्यात रानातल्या भेगेत अख्खी काठी जाते, तीच माती घराखाली असती. लॅबमधनं फ्री स्वेल टेस्ट (माती पाण्यात किती टक्के फुगती ते बघायची) करून घ्या, ५० टक्क्यांच्या वर आलं की सावध. अशा जागी एक-दोन मजल्याला अंडर-रीम्ड पाईल चांगलं, खाली स्टेमच्या (पाईलच्या सरळ खांबाच्या) अडीचपट रुंद बल्ब म्हणजे फुगवटा असतो आणि पाईलची लांबी निदान साडेतीन मीटर, म्हणजे ओल जिथं फारशी बदलत नाही तिथं तो धरून बसतो. अन् पाईलच्या डोक्यावरच्या बीमखाली ८० मिमी मोकळी जागा सोडायलाच लावा, गवंडी हमखास तिथं माती दाबून भरतात, मग फुगलेली माती बीमच उचलती.

राफ्ट कधी? माती मऊ पण न फुगणारी, आणि फुटिंगांनीच घराखालची निम्म्याच्या वर जागा खाल्ली तर. स्टील मात्र दणकून लागतं. काळ्या मातीवर पातळ राफ्ट टाकून मोकळं व्हा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनंच घ्या.