तुटणाऱ्या नात्यांची गाणी घरी रेकॉर्ड करताना

अमेरिकन गायक जस्टिन व्हर्ननने 'बोन इव्हेर' या आपल्या बँडचा पहिला अल्बम २००६-०७ च्या हिवाळ्यात, विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये, बहुतेक एकट्याने रेकॉर्ड केला. माइक होता शूर कंपनीचा एसएम५७, स्वस्तातला. तेव्हा महागड्या माइकसाठी थांबू नका. अशा गाण्यांत गायक कानाशी बसून बोलतोय असं वाटायला हवं. ते जमतं शांत खोलीमुळे आणि माइकच्या योग्य अंतरामुळे.

पंखा, फ्रिज बंद करा. पाठीमागे जाड रजई टांगा.

गिटारसाठी माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा. साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोर, ठेवलात तर १०० हर्ट्झच्या आसपास घुमतं आणि सगळं गढूळ होतं. सगळ्या तारा दोन फ्रेटइतक्या खाली उतरवल्या की आवाज जड, उदास होतो. पण ताण घटल्याने तारा खरखरतात, म्हणून ०.०१३ इंचापासून सुरू होणारा जाड सेट लावा. प्रत्येक टेकआधी, म्हणजे एकेका रेकॉर्डिंगआधी, ट्यूनिंग तपासा. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

खरी मेहनत गळ्याची. माइकपासून १० सेंटिमीटरवर, हळू गा. इतक्या जवळ आवाजातला खर्ज फुगतो, तो सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरने ८० ते १०० हर्ट्झखाली कापा. माइक ओठांच्या रेषेतून थोडा बाजूला वळवला की 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. एसएम५७ ला गेन (माइकचा आवाज वाढवणं) भरपूर लागतो आणि स्वस्त इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) त्यातून सूं ऐकू येतं. अशा वेळी गेन आणखी ताणण्यापेक्षा माइकच्या आणखी जवळ या.

डबलिंगसाठी, म्हणजे एकाच ओळीवर आपलाच दुसरा आवाज चढवण्यासाठी, तीच ओळ पुन्हा गा. जुना टेक कॉपी करून वर ठेवला तर आवाज फक्त मोठा होतो. दोन टेकमधल्या सूर-वेळेच्या बारीक फरकानेच तो थरथरता, रुंद होतो. दुसऱ्या टेकमध्ये 'स', 'च', 'ट' जवळजवळ गिळा, नाहीतर दोनदा टोचतात. हा टेक मूळ आवाजाच्या ६ ते ८ डेसिबल खाली ठेवा. श्वास कापू नका. ओळीआधीचा श्वास काढला की गाणं निर्जीव वाटतं.

सगळंच मात्र डबल करू नका. डबलिंगने सूर घसरल्याचं झाकलं जातं आणि शब्दही पुसट होतात. ज्या ओळीत 'तू निघून गेलीस' किंवा 'मीच खोटं बोललो' असं थेट येतं, ती ओळ एकेरी ठेवा, सूर जरा हलला असेल तरीही.