फिटनेस घड्याळ बिघडले तर: आधी नोंद, मग रिसेट, मग वॉरंटीची तक्रार

फिटनेस घड्याळाने त्रास द्यायला सुरुवात केली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा फॅक्टरी रिसेटकडे जातो. नेमके तेच सुरुवातीला करू नका. रिसेटमुळे सिंक न झालेले व्यायाम पुसले जातात आणि बिघाडाच्या अंतर्गत नोंदीही जातात. बिघाड अधूनमधून येणारा असेल तर आणखी एक घोळ होतो. रिसेटनंतर घड्याळ काही दिवस नीट चालते, आपण निर्धास्त होतो आणि तेवढ्यात दुकानातून बदलून मिळण्याची मुदत टळून जाते. वॉरंटीच्या कामात तोंडी सांगण्याला फारसे वजन नसते, तुमच्याकडे काय नोंदलेले आहे ते पाहिले जाते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र नोंदीच्याही आधी सुरक्षितता.

बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर

स्क्रीन आणि कडेच्या चौकटीत फट दिसू लागली, मागचे झाकण उचलल्यासारखे झाले, किंवा हातावर असताना घड्याळ चटका बसेल इतके तापले, तर ते लगेच काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. उचललेली काच दाबून बसवण्याचा मोह आवरा. खाली फुगलेला लिथियम सेल असतो, तो दाबला किंवा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो. घड्याळ फरशीवर, कागद-कापडापासून दूर ठेवा, लांबूनच फोटो काढा आणि कंपनीला कळवा. ते स्वतःहून कुरिअरने पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने नेण्यास मनाई असते, त्यामुळे त्या पाठवण्याची पद्धत कंपनीकडूनच ठरवून घ्यावी.

अशा वेळी ते मॉडेल कंपनीने परत मागवले आहे का, हेही पाहावे. इंटेलने २०१६ मध्ये बेसिस पीक हे घड्याळ तापते म्हणून बाजारातून मागे घेतले. फिटबिटने २०२२ मध्ये बॅटरीमुळे भाजल्याच्या तक्रारी आल्यावर आयोनिक परत मागवले आणि ग्राहकांना पैसे दिले. मॉडेल असे परत मागवले जाते तेव्हा त्याचा वॉरंटीच्या मुदतीशी संबंध नसतो. घड्याळ जुने झाले म्हणून गप्प बसू नका.

पहिले काम: नोंद

घड्याळ चालू आहे तोवर ते अॅपशी सिंक करून घ्या. मग सीरियल नंबर लिहून ठेवा. तो बहुधा पाठीवर बारीक अक्षरांत कोरलेला असतो, सेटिंगमध्ये आणि खोक्यावरही मिळतो. स्क्रीन कायमची बंद पडल्यावर तो शोधणे अवघड होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवा. बिलाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण छापील बिलाची शाई कालांतराने उडून जाऊ शकते. घड्याळाचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. काचेला तडा नाही, कडेला आपटल्याची खूण नाही, हे पुढे कामाला येते.

आणि बिघाडाचा व्हिडिओ काढा. अधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी तर हे सगळ्यांत महत्त्वाचे. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर घड्याळ शहाण्यासारखे वागते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत येते. व्हिडिओत तारीख-वेळ दिसली तर उत्तमच.

बिघाड खरेच हार्डवेअरचा आहे का?

घड्याळ चार्ज होत नसेल तर आधी पाठीवरच्या पिना उजेडात नीट पाहा. घाम म्हणजे खारट पाणी. घामट घड्याळ तसेच चार्जरवर ठेवले की पिनांमधून वीज वाहते आणि त्या खारट थराखाली धातू झिजू लागतो. पिनांवर हिरवट किंवा काळपट डाग दिसतात ते याचेच. मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून पिना हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुई किंवा पॉलिश पेपर लावू नका. पिनांवरचा मुलामा एकदा निघाला की गंज आणखी वेगाने धरतो, शिवाय ओरखडे पाहून कंपनी हात वर करते. त्यानंतर दुसरा साधा ५ व्होल्टचा अॅडॉप्टर लावून पाहा. घड्याळ फार कमी करंट घेते, त्यामुळे काही पॉवर बँका ‘काहीच जोडलेले नाही’ असे समजून बंद होतात आणि दोष घड्याळावर येतो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर तासभर चार्जरवर राहू द्या, मग बटण बराच वेळ दाबून जबरदस्तीने रीस्टार्ट करा.

बॅटरी लवकर उतरणे हा वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेकदा तो सेटिंगचा असतो. सतत चालू स्क्रीन, रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणे आणि बराच वेळ चालू राहिलेले जीपीएस ही नेहमीची कारणे. हे सगळे बंद करून रात्री आणि सकाळी टक्केवारी लिहा, असे काही रात्री करा. एवढे करूनही आकडा धडाधड उतरत असेल, किंवा ३० टक्क्यांवरून घड्याळ एकदम बंद पडत असेल, तर सेलवर संशय घ्यावा. मात्र लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर सुमारे ८० टक्के क्षमतेवर येणे हे नैसर्गिक मानले जाते आणि बहुतेक वॉरंट्या ही झीज धरत नाहीत. म्हणून नवे घड्याळ असेल तर बॅटरीची तक्रार अजिबात लांबणीवर टाकू नये. उशीर झाला की तोच दोष ‘झीज’ ठरतो.

हृदयगतीचे आकडे चुकत असतील तर पट्टा आधी मनगटाच्या हाडापासून थोडा वर, घट्टसर बांधा. सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून नाडी मोजतो. सैल पट्टा, थंड पडलेला हात, गोंदण यांनी तो गोंधळतो. धावताना आकडा १६०-१८० वर चिकटून बसला आणि तुमची पावलेही मिनिटाला तितकीच पडत असतील, तर घड्याळ नाडी सोडून पावले मोजते आहे. हा हार्डवेअरचा दोष नव्हे. हार्डवेअर पाहायचे तर अंधाऱ्या खोलीत व्यायामाची नोंद सुरू करून घड्याळ उलटे करा. हिरव्या दिव्यांपैकी एखादा पेटतच नसेल, किंवा सेन्सरच्या काचेआड वाफ दिसत असेल, तर फोटो काढा. इथे कंपनीला नाही म्हणणे अवघड जाते.

जीपीएसची तपासणी उघड्या आकाशाखाली, एका जागी उभे राहून करावी. काही दिवस सिंक न केलेल्या घड्याळाकडे उपग्रहांच्या जागांची ताजी माहिती नसते, त्यामुळे पहिल्यांदा सिग्नल मिळायला वेळ लागतो. काही मीटरचा फरक सगळ्याच घड्याळांत असतो. उघड्या मैदानात, सिंक केलेले असूनही सिग्नल मिळतच नाही, तेव्हा दोष मानावा.

उंचीचे आकडे भरकटले तर कडेची बारीक छिद्रे साबण, घाम किंवा सनस्क्रीनने बुजली असण्याचा संभव मोठा आहे. पोहण्यासाठी बनवलेले घड्याळ असेल तर थोडा वेळ कोमट, स्वच्छ पाण्यात बुडवून वाळवा. छिद्रात टाचणी घालू नका, आत हवेचा दाबमापक असतो आणि घड्याळ त्याच्यावरूनच उंची काढते. शिवाय समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेले की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे हवामान बदलून दाब थोडा हलला तरी घरात बसल्या बसल्या ‘उंची’ दहावीस मीटरने बदलेल. त्यात घड्याळाचा दोष नाही.

काचेच्या आत बाष्प दिसले तर बाकी तपासण्या सोडा. घड्याळ बंद करा, चार्जिंगला लावू नका, तांदळात पुरू नका. सील गेलेले आहे आणि तांदूळ ते जोडत नाही. फोटो काढून थेट तक्रार करा. कंपनी विचारेल की पाण्यात काय काय केले. घड्याळावरचे ‘५ एटीएम’ (एटीएम हे दाबाचे एकक) म्हणजे ५० मीटर खोलीच्या स्थिर पाण्याइतका दाब चाचणीत सोसला, इतकेच. ५० मीटर खोल बुडी मारायची ती परवानगी नव्हे. गरम पाण्याची अंघोळ, वाफ आणि साबण यांनी सीलचे रबर कमकुवत होते. खरे असेल ते सांगा, पण न विचारलेले अंदाज बांधून देऊ नका. ‘बहुधा मी जोरात आपटले असेन’ अशा एका वाक्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो.

आता रिसेट

आधी साधा रीस्टार्ट, मग अपडेट, मग फोनमधून घड्याळ काढून पुन्हा पेअर करणे. यातून काही झाले नाही तरच फॅक्टरी रिसेट. रिसेटनंतर जुना बॅकअप लगेच चढवू नका, नव्या घड्याळासारखे सुरू करून पाहा. तोच बिघाड कोऱ्या घड्याळातही आला, तर तो हार्डवेअरचा आहे याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला घरबसल्या मिळणार नाही. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि निकाल एका ओळीत लिहून ठेवा.

कोणाकडे जायचे

घड्याळ नुकतेच घेतले असेल तर आधी विक्रेत्याकडे जा, कारण बदलून देण्याची मुदत त्याच्याकडे असते. ती टळली की कंपनीची वॉरंटी. अनेक देशांत कंपनीच्या वॉरंटीखेरीज विक्रेत्यावर कायद्याची वेगळी जबाबदारीही असते. ‘आता कंपनीशीच बोला’ हे दुकानदाराचे उत्तर तेवढ्यावर मान्य करू नका, आपल्या देशाचा नियम पाहा. दुसऱ्या देशातून आणलेल्या घड्याळाची वॉरंटी तुमच्याकडे चालतेच असे नाही, तेही वॉरंटीच्या मजकुरात तपासा. पट्टा आणि चार्जर यांची मुदत पुष्कळदा वेगळी, कमी असते. मुदत संपायला थोडेच दिवस उरले असतील तर तपासणी अर्धवट असली तरी तक्रार आजच नोंदवा.

तक्रार कशी लिहावी

फोनपेक्षा ईमेल किंवा चॅट बरा, कारण त्याची प्रत राहते. राग, निराशा, ‘इतके पैसे मोजले’ हे सगळे बाजूला ठेवून असे लिहा:

“मॉडेल आणि सीरियल नंबर वर दिला आहे. खरेदी १२ मार्च, बिल जोडले आहे. २ ऑगस्टपासून घड्याळ ३० ते ४० टक्के बॅटरी असताना अचानक बंद पडते. आतापर्यंत चार वेळा झाले, तारखा खाली आहेत, दोन वेळांचा व्हिडिओ जोडला आहे. रीस्टार्ट, अपडेट, पुन्हा पेअरिंग आणि १० ऑगस्टला फॅक्टरी रिसेट केले. बॅकअप न चढवताही ११ ऑगस्टला पुन्हा बंद पडले. घड्याळ आपटलेले नाही, सर्व बाजूंचे फोटो सोबत आहेत. वॉरंटीखाली दुरुस्ती करून किंवा बदलून मिळावे.”

एवढे पुरते. शेवटचे वाक्य विसरू नका. आपल्याला काय हवे ते स्पष्ट लिहिले नाही की उत्तरात नुसत्या सूचना येत राहतात. कस्टमर केअरचा पहिला माणूस ठरलेल्या प्रश्नांची यादी घेऊन बसलेला असतो. तो ‘रीस्टार्ट करून पाहा’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, हे अमुक तारखेला केले आहे असे सांगा आणि प्रकरण वरच्या पातळीवर द्यायची विनंती करा. तक्रार क्रमांक एकच ठेवा. तीन ठिकाणी तीन तक्रारी टाकल्या तर टोलवाटोलवीला आपणच वाट करून देतो. फोनवर बोलणे झालेच तर लगेच त्याच तक्रार क्रमांकाखाली लिहून पाठवा: आज असे ठरले.

घड्याळ पाठवताना

पुन्हा एकदा सिंक करा, घड्याळात साठवलेली बँक कार्डे काढा, आणि घड्याळ तुमच्या खात्याशी जोडणारे कुलूप उघडा. कुलूपबंद घड्याळ सर्व्हिस सेंटर हाती घेत नाही, आठवडे वाया जातात. पट्टा आणि चार्जर मागितले नसतील तर घरीच ठेवा, ते परत येण्याची खात्री नसते. पॅकिंग करतानाचे फोटो घ्या, पार्सलचा माग काढता येईल अशी सेवा निवडा, पावती जपा.

बदलून आलेले घड्याळ बहुधा दुरुस्त करून नवे केलेले असते. त्यात गैर काही नाही, पण ते आल्या आल्या चार्जिंग, बटणे, सेन्सरचे दिवे, जीपीएस सगळे तपासा. त्याची वॉरंटी साधारणपणे जुन्याची उरलेली मुदत किंवा कंपनीने ठरवलेली किमान मुदत, यांपैकी एक असते. ती लेखी विचारून घ्या आणि नवा सीरियल नंबर खात्यात नोंदवा.

दावा नाकारला तर

कारण लेखी मागा, आणि वॉरंटीतले कोणते कलम लावले तेही. ‘पाण्यामुळे खराब’ असे म्हणत असतील तर आतले फोटो मागा. तुमच्याकडे पाठवण्याआधीचे फोटो आहेत, ते पुढे करा. उत्तर तरीही तेच आले तर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाता येते आणि तिथे तुमची तारीखवार नोंद जशीच्या तशी कामाला येते.

मुदत संपली असेल तरी एकदा विचारावेच. काही कंपन्या जुने घड्याळ घेऊन कमी किमतीत दुसरे देतात. बाहेरच्या कारागिराकडे बॅटरी बदलायची असेल तर काम देण्याआधी दोन प्रश्न करा: सील नवे बसवणार का, आणि नंतर दाबाची चाचणी घेणार का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ नसेल तर घड्याळ दुरुस्त होईल, पण ते पुढे पाण्यात नेऊ नका.