दात काढण्याआधीच ठरवा: ब्रिज, कवळी की इम्प्लांट?

दाढ काढली की चार दिवस दुखतं, महिन्याभरात जिभेला खड्ड्याची सवय होते आणि विषय मागे पडतो. कापूस वेचणी उरकली की बघू, केळीचे पैसे हातात आले की बघू. तोंडातली कामं मात्र कोणासाठी थांबत नाहीत. दात निघालेल्या जागी पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. शेजारची दाढ खड्ड्याकडे कलते, समोरची दाढ मोकळ्या जागेत उतरते. मग दोन वर्षांनी दात बसवायला गेलं तर जागाच उरलेली नसते. म्हणून इथे पुढे काय बसणार, हा प्रश्न दात काढण्याआधी विचारा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: हा दात काढायलाच हवा का? मूळ घट्ट असेल तर रूट कॅनाल करून कॅप बसवता येते. खालचे सुळे तर शेवटपर्यंत जपावेत. बाकी सगळे दात गेले तरी त्या दोन मुळांच्या आधाराने खालची कवळी बरीच स्थिर राहते. ‘हलतातच आहेत, एकदमच काढून टाका’ असं घरचे म्हणतात, पण ते ऐकायच्या आधी एक्स-रे पाहा.

प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असंही नाही. अक्कलदाढ गेली तर काही बसवायचं नसतं. तिच्या पुढची दाढ गेली, वर-खाली जोडीदार नसेल आणि बाकी दाढांनी भाकरी नीट चावली जात असेल, तर ती जागा सोडून दिलेली चालते.

एक-दोन दात गेले असतील तर

ब्रिज म्हणजे लोक ज्याला ‘फिक्स दात’ म्हणतात तो. एका दातासाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून त्यावर तीन कॅपांची जोडलेली पट्टी सिमेंटने बसवतात. जखम भरायला साधारण ६ ते ८ आठवडे द्यावे लागतात, मग दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. शेजारच्या दातांना आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल किंवा कॅप असेल, तर ब्रिजच योग्य. तेच दात निरोगी असतील तर एका खड्ड्यासाठी दोन चांगले दात घासणं हा महागाचा सौदा आहे, बिल कमी आलं तरी.

ब्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा खालून. कॅपच्या कडेला कीड लागते, वरून काही दिसत नाही, आणि कळतं तेव्हा आधाराचा दातही गेलेला असतो. म्हणून मधल्या खोट्या दाताखालून रोज रात्री छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत शिरणारा) किंवा जाड फ्लॉस फिरवावा. मागे आधाराला दात नसताना पुढच्या दातावर लटकती दाढ करून देतो असं कोणी म्हटलं, तर नको म्हणा. दाढेवरचा भार त्या एका बाजूच्या आधाराला पेलत नाही.

पुढचा एकच दात गेलाय आणि वय कमी आहे, तर शेजारच्या दाताच्या मागून पंखासारखी पट्टी चिकटवून बसवलेला दात हा चांगला तोडगा आहे. वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेला दात, नको. जबडा वाढत जातो, इम्प्लांट जागच्या जागी राहतो आणि तो दात आखूड दिसू लागतो.

आठवडे बाजारात पेटी घेऊन बसणारे पाच मिनिटांत दात ‘फिक्स’ करून देतात. ते ओलं अ‍ॅक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) शेजारच्या दातांना नि हिरडीला चिकटवलेलं असतं. त्याखाली ब्रश जात नाही, हिरडी सडते आणि चांगले दातही हलायला लागतात. ते पाच मिनिटंच नडतात.

कवळी

वरची कवळी टाळूवर पसरते आणि ओढ धरून घट्ट बसते. खालच्या कवळीला जागा जेमतेम निम्मी, त्यात जीभ तिला सारखी ढकलते. खालची ढिली वाटते ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते आणि दर वेळी दोष बनवणाऱ्याचा नसतो.

चांगल्या कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात: पहिलं माप, मग तुमच्या जबड्यापुरता ट्रे करून नेमकं माप, मेणाच्या पट्ट्यांवर चावण्याची उंची, मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, आणि शेवटी पक्की कवळी. दोन फेऱ्यांत देतो म्हणणाऱ्याला मधलं काय गाळणार ते विचारा. ट्रायलला घरातलं कोणीतरी सोबत न्या, कारण दात मेणात असेपर्यंतच हलवता येतात. आरशासमोर एकसष्ट ते एकोणसत्तर मोजा. ‘स’ म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली आहे. ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकी टेकली पाहिजे.

पहिला आठवडा वरण-भात, खिचडी, कढीतले फुनके. मग बट्टी वरणात कुस्करून, भाकरी शेवभाजीच्या रश्श्यात मऊ करून. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा, कारण एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी पेरू तोडायला जाऊ नका. भरीत मऊ म्हणून सोपं वाटतं, पण वांग्याच्या बिया नि शेंगदाण्याचे तुकडे खालच्या कवळीखाली शिरून टोचतात. जेवणानंतर कवळी काढून चूळ भरायची सवय तेव्हाच लागते.

कुठे टोचत असेल तर कानशीने स्वतः घासू नका. दाखवायला जाण्याआधी एक दिवस कवळी तोंडात ठेवा, म्हणजे लाल ठिपका डॉक्टरांना दिसतो. खिशात घालून आणलेल्या कवळीत नेमकं कुठे घासायचं हे कळत नाही. मोडली तर फेविक्विक लावू नका, तुकडे तसेच्या तसे न्या.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकते, आणि जळगावच्या उन्हाळ्यात खिडकीत कोरडी राहिली तरी आकार बदलतो. टूथपेस्टने ओरखडे पडतात. भांड्याचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे, खाली पाण्याची बादली ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. मिश्री लावणाऱ्यांच्या कवळीवर काळपट थर बसतो आणि त्याखालच्या हिरडीचं दुखणं दिसत नाही.

काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी होते. तारांची अ‍ॅक्रिलिकची स्वस्त, पण हिरडीवर दाबते. धातूची पातळ आणि टिकाऊ. न मोडणारी म्हणून विकली जाणारी लवचीक कवळी हलकी असते, पण हाड झिजल्यावर तिला आतून भर घालणं अवघड जातं.

बजेट कमी असेल तर धुळ्यातल्या दंत महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, फेऱ्या जास्त होतात.

इम्प्लांट

टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, हाड त्याला धरतं आणि वर कॅप येते. हे हाडाचं धरणं स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी शोधलं. पहिला रुग्ण १९६५ सालचा. खालच्या जबड्यात साधारण ३ महिने, वरच्यात ४ ते ६ महिने थांबावं लागतं. ड्रिल करताना हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तर मरू लागतं. हा आकडा भुसावळकरांना उन्हाळ्यातला म्हणून ओळखीचा वाटेल. म्हणून सतत थंड सलाइन सोडलं जातं. खालच्या दाढांच्या मुळांखालून नस जाते, तिच्यापासून २ मिमी अंतर हवं, त्यासाठी आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढून घ्या.

खालची कवळी काही केल्या बसत नसेल, तर पुढे दोन इम्प्लांट टाकून त्यावर बटणासारखी अडकवता येते. सगळे दात फिक्स करण्यापेक्षा हे बरंच स्वस्त, आणि आमच्या मते खालच्या जबड्यासाठी पैसे खर्च करण्याची हीच पहिली जागा.

आधी या गोष्टी सांगाच: साखर (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७ ते ८ च्या वर असेल तर आधी ती खाली आणा), हाडं ठिसूळ होतात म्हणून घेतलेली इंजेक्शनं, जबड्याला झालेलं रेडिएशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बिडी-सिगारेटने इम्प्लांट फसण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. गुटख्याने तोंड आखडलं असेल, आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील, तर मागच्या दाढेला ड्रिलच पोचत नाही.

दर विचारताना स्क्रू, वरचा जोड, कॅप आणि लागलंच तर हाडाची भर, असा सगळा हिशोब लिहून घ्या, नाहीतर जाहिरातीतला आकडा नुसत्या स्क्रूचा निघतो. स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या आणि फाइलला चिकटवा. त्यावर कंपनी, जाडी, लांबी असते. उद्या मुलाकडे सुरतला किंवा पुण्याला गेलात आणि वरचा जोड ढिला झाला, तर कोणता पाना लागेल हे तिथल्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं.