भंगारातल्या जाड काचेची 5 फुटी फिश टाकी, खान्देशी उन्हाळा धरून

नवीन 12 एमएम काच घेऊन 5 फुटी टाकी करायची म्हटलं की काचेचाच आकडा ऐकून माणूस गप बसतो. पण जळगावला फुले मार्केटात नाहीतर धुळ्याला आग्रा रोडवर एखाद्या दुकानाचं नवीन इंटिरियर निघालं की जुन्या शोकेसच्या मोठ्या मोठ्या काचा भंगारवाल्याकडे येऊन पडतात, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या नकोच असतात, लोखंड-पुठ्ठा रोज उठतो, काच मात्र जागा अडवून बसते आणि पोरांना लागायची भीती वेगळी. म्हणून भाव पाडून मागायला लाजू नका. मात्र "घ्या ना भो, 12 एमएम आहे, काही होत नाही" यावर लगेच पैसे काढायचे नाहीत. या कामात काच शोधणं सोपं आहे, आलेली काच परत पाठवणं अवघड, आणि टाकी टिकते ती त्याच्यावरच.

पहिलं बघायचं ते काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, आहे का. दुकानाचे जे बिनचौकटीचे काचेचे दरवाजे असतात, बिजागरी आणि हँडलला खाचा पाडलेले, ते टफनच असतात, तिकडे बघूच नका. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कटर चालवून तोडायला गेलात की अख्खी काच साखरेसारखी भुगा होऊन खाली येते. कोपऱ्यात बारीक शिक्का असतो बऱ्याचदा, पण नसला म्हणून साधी आहे असं नाही. पक्कं बघायचं तर लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल घाला, मान तिरकी करत करत स्क्रीन काळा दिसेल तिथे थांबा आणि मग मधे काच धरायला सांगा. टफन असेल तर काचेत उजेडाचे ठिपके नाहीतर पट्टे उमटतात, साधी असेल तर काळं ते काळंच राहतं. भंगारवाला बघत बसेल हा काय करून राहिला म्हणून, बघू द्या. दुसरं लॅमिनेटेड. कडेकडून बघितलं की दोन काचांच्या मधे पातळ पडदा दिसतो, ती पण नको, पाण्यात कडा पांढुरक्या होत जातात आणि नीट कापून देणारा पण सहज मिळत नाही. आपल्याला हवी साधी फ्लोट काच. कडेला हिरवट दिसते ती लोखंडाच्या अंशामुळे, त्यात काही वाईट नाही.

मग ओरखडे. नख फिरवा, नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, त्या भागाच्या टाकीवर आधाराला लागणाऱ्या पट्ट्या करा, भिंत करू नका. नख अडकत नसेल तर चालेल, पण ती बाजू टाकीच्या आत ठेवा. पाण्याच्या जोराने काच बाहेर फुगते तेव्हा ताण बाहेरच्या बाजूवर येतो आणि आतली बाजू उलट दाबली जाते, म्हणून ओरखडा आत असलेला बरा. शिवाय पाण्यात बारीक ओरखडे निम्मे दिसेनासे होतात, हा फुकटचा फायदा. कडेला टवका उडालेला असेल तर तेवढा भाग कापून काढायचाच, तडा तिथूनच सुरू होतो. आणि जाडी व्हर्नियरने मोजा, पट्टीने नाही, 10 आणि 12 डोळ्याला सारखीच दिसते.

आता माप. लोक लांबी बघून घाबरतात, पण काचेवरचा दाब लांबीने वाढत नाही, पाण्याच्या उंचीने वाढतो. आतून 147 सेंमी लांब टाकीत 50 सेंमी पाणी भरलं तर पुढच्या एका काचेवर 185 किलोच्या आसपास जोर येतो, तेच पाणी 60 सेंमी केलं की जोर 265 किलोच्या घरात. फक्त 10 सेंमीचा फरक. म्हणून जुनी काच आहे तर हौस आवरा, 12 एमएममध्ये 150 लांब, 60 रुंद, 55 उंच ही टाकी आरामात बसते, पाणी 50 पर्यंतच ठेवायचं. 425 लिटर होतं, ते काय कमी आहे का.

काचा अशा लागतील: तळ 150 × 60, पुढची आणि मागची 150 × 55, आणि दोन बाजूच्या 57.3 × 55. हे 57.3 कुठून आलं, तर 60 मधून दोन काचांची जाडी 2.4 गेली आणि दोन्हीकडे काचा चिकटवायच्या सिलिकॉनसाठी दीड-दीड एमएम गेलं. तुमची काच मोजल्यावर 11.7 निघाली तर हे माप पुन्हा काढा, इथे आळस करू नका. उरलेल्या तुकड्यांतून 8 सेंमी रुंद दोन लांब पट्ट्या आणि मधे आडवी टाकायला एक पट्टी काढून ठेवा. कापायचं काम काचवाल्याकडेच द्या, 12 एमएम घरी कापायची काच नाही, आणि आधीच विचारून घ्या कारण जुनी काच कापायला बरेच जण नको म्हणतात, फुटली तर कोणाची हा वाद असतो, तो आधी मिटवा. कडा मशीनवर पॉलिश मिळाल्या तर उत्तम, नाहीतर निदान पाणी लावून एमरी पेपरने धार मारून घ्या. नेताना काच कधी आडवी ठेवू नका, छोटा हत्तीत उभी, खाली लाकडी पट्ट्या, मधे मधे बारदान, आणि दोरी. 12 एमएमचा एक चौरस मीटर 30 किलो भरतो, तेव्हा 5 बाय 2 चा नुसता तळच 27 किलोचा आहे, दोन माणसं आणि चामड्याचे हातमोजे पाहिजेतच.

जागा आधी ठरवा, टाकी नंतर. पाणी 425, काच 100 च्या वर, दगड-वाळू, स्टँड, सगळं मिळून 600 किलो सहज जातं आणि ते सगळं एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घराचा स्लॅब वापराच्या वजनासाठी साधारण 200 किलो दर चौरस मीटर धरून काढलेला असतो, तेव्हा तळमजलाच. जुन्या धाब्याच्या घरात वरच्या माळ्यावर तर विषयच नाही. खालची शहाबादी फरशी पण ठोकून बघा, पोकळ वाजली तर स्टँडच्या पायाखाली लोखंडी प्लेट द्या, नाहीतर फरशी खचून टाकी तिरकी होणार. स्टँड दीड इंची चौरस पाइपचं, सहा पायांचं, त्यावर 19 एमएम प्लाय आणि प्लायवर थर्माकोल. हे थर्माकोल शोभेचं नाही, प्लायवर एखादा खडा किंवा उंचवटा राहिला तर तळाची काच त्याच जागी तडकते, ते थर्माकोल पोटात घेतं. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, मे महिन्यात दुपारनंतरचं ऊन थेट आलं की पाणी उकळायचंच बाकी राहतं.

सिलिकॉनला वेळ द्या, टाकी त्यावरच उभी आहे. दुकानात गेल्यावर बाथरूमचं, बुरशी लागत नाही असं लिहिलेलं सिलिकॉन देतात, ते नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. शंभर टक्के सिलिकॉन, लावताना व्हिनेगरसारखा वास मारणारं, आणि ट्यूबवरची तारीख बघून घ्या, जुनी ट्यूब वरून सुकते आणि आत चिकट राहते. तीन ट्यूब लागतील. जुन्या काचेवर आधीचं सिलिकॉन असेल तर ब्लेडने पूर्ण खरवडा, नवीन सिलिकॉन जुन्याला धरत नाही. मग कडा अ‍ॅसिटोनने पुसा, पुसल्यावर बोट लावायचं नाही.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, उष्णतेने नाही. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला हवा एकदम कोरडी, पारा 44-45, त्यात वरची साय पाच-दहा मिनिटांत धरते आणि आत मात्र दिवसेंदिवस ओलं राहतं. वरून हात लावून "झालं की" म्हणणारा फसतो. जमलं तर हे काम पावसाळ्यात नाहीतर थंडीत काढा, उन्हाळ्यातच करायचं असेल तर भल्या पहाटे, पंखा बंद, खोलीत ओला फडका टांगून, आणि निदान दहा दिवस पाणी नाही.

लावायचा क्रम: तळ सपाट ठेवा, मागची काच, मग एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी पुढची. प्रत्येक सांध्याच्या दोन्हीकडे आधीच मास्किंग टेप मारलेली असली पाहिजे. सिलिकॉनची सलग, जाड रेघ ओढा, मधे थांबू नका, काच खाली टेकवा आणि दाबताना पूर्ण पिळून काढू नका, काच काचेला टेकली तर सांध्यात उरतं काय? दीड एमएमचे टाइल स्पेसर मधे ठेवा, दुसऱ्या दिवशी काढून त्या जागा भरा. कोपरे गुण्याने तपासा, बाहेरून टेपने घट्ट आवळा. आतल्या कोपऱ्यांत वेगळी रेघ भरून बोटाने एका दमात फिरवा आणि साय धरायच्या आत टेप ओढून घ्या. वरच्या लांब पट्ट्या पुढच्या-मागच्या काचेला आतून आडव्या चिकटवायच्या, मधली पट्टी त्या दोघींना जोडते. पट्ट्या नकोत, दिसायला बरं नाही असं घरातलं कोणीतरी म्हणणारच, ऐकू नका, लांब काचेचं पोट बाहेर यायचं थांबतं ते त्यांच्यामुळे.

पाण्याची चाचणी टाकी स्टँडवर ठेवूनच करा पण जवळ सोफा, टीव्ही, बोर्ड काही नको. सांध्याखाली वर्तमानपत्र अंथरा, थेंब पडला की लगेच कळतं. पाव टाकी भरा, रात्रभर थांबा, मग अर्धी, मग पाऊण. प्रत्येक वेळी पुढच्या काचेसमोर ताणलेला दोरा धरून बघा, एखादा एमएम फुगली तर चालतं, तीन-चार एमएम दिसलं तर पाणी काढा आणि पट्ट्या तपासा. पूर्ण भरल्यावर दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. गळती निघाली तर बाहेरून लेप मारून काही होत नाही, टाकी रिकामी करायची, कोरडी करायची, आतला तो सांधा पूर्ण काढून नवीन भरायचा.

टाकीत टाकायला तापी-गिरणेकडचा काळा दगड चांगला, पाण्यात काही सोडत नाही. पण त्यात पांढरे स्फटिक भरलेले असतील तर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर तो दगड पाणी जड, म्हणजे क्षारांचं, करणार. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन घालवायचं औषध टाका किंवा 24 तास उघडं ठेवा. बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, त्यात टेट्रा-डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे पाळायचा हट्ट करण्यापेक्षा मलावी सरोवराचे सिच्लिड घ्या, त्यांना असंच पाणी मानवतं. मासे लगेच सोडायचे नाहीत, फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे द्या, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्यात तयार होतात.

आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसातच. गोल्डफिश इथे मे महिन्यात हाल काढतात, गुरामी वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो म्हणून तो तग धरतो. पाणी गार करायला महागडा चिलर नको, झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा, आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि दोन-तीन डिग्री सहज उतरतात. फक्त पाणी रोज कमी होतं, ते भरून काढताना आरओचं टाका, बोअरचं टाकत राहिलात तर क्षार साठत जातात. झाकण काढलंय तर वर मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, नाहीतर रात्री पाल आत पडते. एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप मार्च संपायच्या आत आणून ठेवा, लाइट बहुतेक दुपारीच जाते.